जुनं आउटबोर्ड मशीन स्लोवर टिकत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हतनूरच्या फुगवट्यात, प्रकाशा-सारंगखेड्याच्या बॅरेजमागे, उकाईच्या पाण्यात नवापूरच्या बाजूला आणि वर नर्मदेत अक्कलकुवा-धडगावकडे जी आउटबोर्ड मशीनं (बोटीच्या मागे बाहेरून लावायची इंजिनं) चालतात, त्यांतली बरीच जुनी आहेत: दोन स्ट्रोक, कार्बोरेटरवाली, ८ ते ४० हॉर्सपॉवरची. कुणी त्याला मशीन म्हणतं, कुणी इंजिन, आपत्ती पथकातली मंडळी ओबीएम (आउटबोर्ड मोटर) म्हणतात. तक्रार मात्र सगळ्यांची एकच: ‘मशीन चालू व्हस, पन ऱ्हास नही.’ म्हणजे सुरू होतं, पण स्लोवर, रेस न देता सगळ्यात कमी वेगात, टिकत नाही. खालची उत्तरं अशाच मशीनांसाठी आहेत. चार स्ट्रोक किंवा फ्युएल इंजेक्शनवाल्या नव्या मशीनांना यातलं थोडंच लागू पडेल.

स्लो नेमका किती असायला हवा?

मॉडेलप्रमाणे बदलतो. बहुतेक जुन्या मशीनांचा गिअरमध्ये ६५० ते ९०० आरपीएमच्या आसपास असतो, काहींचा न्यूट्रलला हजाराच्या वर जातो. खरा आकडा तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्येच मिळेल. आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे तो कुठल्या अवस्थेतला आहे: न्यूट्रलचा की गिअरचा. न्यूट्रलला ९०० ठेवलेलं मशीन गिअर टाकताच ७००वर येऊ शकतं, आणि त्यात बिघाड काहीच नसतो. टॅकोमीटर नसेल तर चिमटा लावून वाचणारा साधा इंडक्टिव्ह टॅको प्लगच्या वायरीवर लावा. कानाने स्लो लावणारे मेकॅनिक आहेत, पण कानाला सवयीचा स्लो बहुतेक वेळा जरा जास्तच असतो.

स्लो स्क्रू आत घेतला की मशीन टिकतं. मग तेवढंच केलं तर काय बिघडतं?

सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो, आणि सगळ्यात जास्त नुकसानही यातच होतं. मोठ्या रेसला मशीनमधून भरपूर हवा आणि पेट्रोल जातं, त्यामुळे थोडी गळती, थोडा कचरा, थोडा कमजोर करंट लपून जातो. स्लोवर पेट्रोल येतं ते जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या जेटमधून. तिथे काहीच लपत नाही. म्हणून स्लोला मशीन बंद पडणं ही बहुतेक वेळा स्लोची तक्रार नसतेच. पेट्रोलच्या वाटेत, हवेच्या गळतीत किंवा प्लगच्या करंटमध्ये जे काही सुरू झालंय, त्याची ती पहिली खूण असते.

स्क्रू आत घेऊन तुम्ही थ्रॉटल उघडा ठेवता. मशीन टिकतं, पण गिअर टाकताना दणका बसतो. डॉग क्लचचे, म्हणजे गिअर जोडणाऱ्या कड्याचे, दात कडांना गोल होत जातात आणि मग पुढच्या पावसाळ्यात गिअरच सुटायला लागतो. दोनशे रुपयांच्या कामापायी गिअर केस उघडावी लागते. त्यामुळे स्क्रूला हात शेवटी. आधी पेट्रोल, मग करंट, मग हवा, त्यानंतर मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) आणि सगळ्यात शेवटी स्लो.

भाऊ, मशीन मस्त सुरू होतं, दोन-तीन मिनिटांनी आपोआप बंद. परत ओढलं की परत तेच. काय बघू?

आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. हसू नका. टाकी ने-आण करताना तो बंद करतात आणि उघडायचा राहतो. पेट्रोल उपसलं जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल पंप हरतो. प्लास्टिकची टाकी कुशीत दबलेली दिसली तर वेगळी तपासणी नको.

तो उघडा असेल तर नळीकडे या. टाकीच्या टोकाला आणि मशीनच्या टोकाला जे क्लिपचे कनेक्टर असतात, त्यांच्या आत बारीक ओ-रिंग असते. ती कडक झाली की पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, पण पंपाच्या ओढीने हवा आत शिरते. म्हणून ‘गळत तर नाही’ हा पुरावा धरू नका. मशीनच्या बाजूला हातभर पारदर्शक पेट्रोल नळी तात्पुरती जोडा. चालत्या मशीनला त्यात बुडबुडे जाताना दिसले तर हवा टाकी आणि त्या नळीच्या मध्येच कुठेतरी शिरते. कनेक्टर बदलून, क्लॅम्प बदलून, टाकीतली पिकअपची नळी तपासून एकेक जागा बाद करत जा.

बल्ब दाबत राहिलं की चालतं, सोडलं की बंद. बल्ब खराब आहे का?

बल्बही (पेट्रोलच्या नळीतला हाताने दाबायचा रबरी फुगा) असू शकतो, पण संशय जास्त पंपावर. बल्बवरचा बाण मशीनकडे हवा, आणि दाबताना तो बाण वर राहील असा बल्ब उभा धरा. दाबून घट्ट झाला आणि मशीन बंद असतानाही घट्टच राहिला तर त्याचे व्हॉल्व ठीक. कधीच घट्ट होत नसेल तर व्हॉल्व गेलेत किंवा अलीकडून हवा येतेय. सतत दाबूनही कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहत असेल तर फ्लोटची सुई (बाऊल भरला की पेट्रोल अडवणारी) बसत नाही.

आता पंप. तो क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद पोकळीतल्या) दाबाच्या ठोक्यांवर चालतो, आत पातळ पडदा असतो. पडदा ताठ झाला की पंप अशक्त होतो, आणि तुमचा हात त्याचं काम करतो. पडद्याला भोक पडलं तर गंमत वेगळीच: ज्या सिलिंडरच्या क्रँककेसला पंपाची वाट जोडलेली आहे, त्यात थेट कच्चं पेट्रोल जातं. एकच प्लग सतत ओला, दुसरा ठणठणीत, अशी जोडी दिसली की कार्बोरेटर उघडण्याआधी पंपाचे चार स्क्रू सोडा. पडद्याचं किट स्वस्त असतं. पडदा उजेडासमोर धरून ताणला की भोक दिसतं.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या मशीनला ते चालतं का?

चालवावंच लागतं, पण तीन गोष्टी जाणून.

पहिली: इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच जेटमधून तेवढंच पेट्रोल गेलं तरी मिक्श्चर साधारण सात-आठ टक्के लीन पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. पूर्वीच्या पेट्रोलवर बरोबर असलेला मिक्श्चर स्क्रू आता थोडा रिचकडे, म्हणजे जास्त पेट्रोलकडे, न्यावा लागतो. ‘काही केलं नाही आणि स्लो बिघडला’ या तक्रारीमागे कधी कधी एवढंच असतं.

दुसरी: जुन्या नळ्या, पडदे, फ्लोटच्या सुईचं रबर हे इथेनॉलसाठी बनवलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, आतून कातडी सोडतं. ती कातडी जाऊन बसते पायलट जेटमध्ये, म्हणजे स्लोच्या बारीक जेटमध्ये.

तिसरी आमच्याकडे सगळ्यात महत्त्वाची, पाणी. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. श्रावणात अर्धी टाकी बोटीत पडून राहिली, झाकणातून पावसाचं पाणी झिरपलं, की एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं. पिकअपची नळी तळाशीच असते. टूटी ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. म्हणजे मशीनला खालून येतं ते बिनतेलाचं इथेनॉल-पाणी. स्लो बिघडणं ही त्यातली किरकोळ गोष्ट. पिस्टन जॅम होणं खरी भीती. अशी टाकी हलवून परत वापरायची नसते, रिकामीच करायची.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे ते घरी बघता येतं. १०० मिलीच्या काचेच्या मोजनळीत १० मिली पाणी घ्या, वर ९० मिली पेट्रोल ओता, तेल न मिसळलेलं. तोंड बंद करून हलवा आणि ठेवून द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. तो २८ मिलीच्या आसपास आला तर इथेनॉल साधारण २० टक्के आहे. हा प्रयोग उघड्यावर करा, बिडी-काडीपासून लांब.

कार्बोरेटर दोनदा साफ केला, तरी स्लो येत नाही. असं कसं?

‘साफ केला’ म्हणजे बाऊल उघडून पेट्रोलने धुतला आणि हवा मारली, असं असेल तर तो साफ झालेला नाही. स्लोची वाट वेगळी असते आणि ती दिसत नाही.

कार्बोरेटर टेबलावर घ्या आणि थ्रॉटलची पाकळी उघडून उजेडाकडे धरा. पाकळीच्या कडेजवळ, भिंतीत, ओळीने दोन-तीन बारीक भोकं दिसतील. पाकळी पूर्ण बंद असताना त्यातल्या एकाच भोकातून पेट्रोल येतं, तो स्लो. पाकळी जरा उघडली की बाकीची उघडी पडतात, तो स्लोपासून रेसपर्यंतचा पूल. मधलं एक भोक बुजलं तर मशीन स्लोवर टिकतं पण रेस देताना गचका खातं. ही भोकं मागच्या बाजूने एका छोट्या पोकळीत उघडतात. तिच्यावर कुठे स्क्रूचं झाकण असतं, कुठे ठोकून बसवलेली पातळ चकती. चकती काढायची तर नवी हाताशी हवी.

पायलट जेट पूर्ण बाहेर काढा. त्याच्या खाचेत नीट बसणाराच स्क्रूड्रायव्हर घ्या, पितळ मऊ असतं. डोळ्याला लावून आभाळाकडे बघा: गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. ठिपका चंद्रकोरीसारखा दिसला तर आत वार्निश आहे, म्हणजे जुन्या पेट्रोलचा सुकलेला पिवळा थर. तो पेट्रोलने जात नाही. कार्बोरेटर क्लीनरमध्ये रात्रभर भिजू द्या, मग हवा. सुई किंवा पोलादी तार घालू नका, भोक मोठं झालं की ते जेट कायमचं रिच. फारच अडलं तर विजेच्या मऊ वायरीतली तांब्याची एक तार काढून वापरा. भिजवण्याआधी फ्लोट, रबर आणि गास्केट वेगळे करायला विसरू नका. फार जुन्या कार्बोरेटरमध्ये बुचाचा फ्लोट असतो, तो क्लीनरमध्ये पडला तर संपला.

सगळ्या वाटा मोकळ्या झाल्यात का, हे बघायला क्लीनरच्या डब्याची लांब नळी पायलटच्या वाटेला लावा आणि फवारा. भिंतीतल्या प्रत्येक भोकातून बारीक धार आली पाहिजे. डोळ्यावर चष्मा घाला. हा फवारा नेमका तोंडावरच येतो.

बसवताना फ्लोटची उंची तपासा. बऱ्याच जुन्या मॉडेलांत कार्बोरेटर उलटा धरल्यावर फ्लोट गास्केटच्या पृष्ठभागाला समांतर हवा. जुनं गास्केट परत लावून पैसे वाचत नाहीत.

मिक्श्चर स्क्रू कसा लावायचा?

हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा. आवळू नका, सुईच्या टोकाला वळी पडते आणि मग ती कधीच नीट बसत नाही. तिथून दीड फेरा बाहेर, ही सुरुवात.

मशीन पाण्यात, बोटीला लावलेलं आणि पूर्ण गरम असू द्या. बोट काठाला दोन दोरांनी बांधा, पुढचा गिअर टाका, थ्रॉटल सगळ्यात खाली. आता अष्टमांश फेरा फिरवा आणि थांबा. दहा-पंधरा सेकंद तरी थांबा, कारण क्रँककेसमधलं आधीचं मिक्श्चर संपायला वेळ लागतो. लोक फिरवतात, ऐकतात, लगेच पुन्हा फिरवतात आणि हरवून जातात.

जुन्या जॉन्सन-इविनरूडमध्ये ही सुई पेट्रोल अडवते: आत घेतलं की लीन, बाहेर काढलं की रिच. सगळ्याच कंपन्यांत तसं नाही. काही कार्बोरेटरांत स्क्रू हवेच्या वाटेवर असतो आणि दिशा उलटी होते. म्हणून दिशा पाठ करू नका, मशीनला विचारा. एका बाजूला नेलं की ते शिंकायला लागेल: कार्बोरेटरच्या तोंडातून ‘फट्’ करून मागे श्वास टाकेल आणि बंद पडेल. ती लीन बाजू. दुसऱ्या बाजूला नेलं की आवाज जड होईल, धूर वाढेल, एक आड एक ठोका पेटल्यासारखं लंगडत चालेल. ती रिच बाजू. दोन्हींच्या मध्ये सगळ्यात गुळगुळीत चालतं ती जागा शोधा आणि तिथून अष्टमांश फेरा रिचकडे ठेवा. दोन स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच येतं, लीन चालवलेल्या मशीनला तेलही कमी मिळतं. नंतर एकदम रेस द्या. गुदमरून पण शिंक न देता उचललं तर मिक्श्चर थोडं रिच आहे, शिंकलं तर ते अजूनही लीनच आहे.

दोन-तीन कार्बोरेटर असतील तर सगळ्यांचे स्क्रू सारखेच फेरे येतील असं नाही, पण एकाचा एक आणि दुसऱ्याचा तीन फेरे आला तर गडबड स्क्रूमध्ये नाही.

दोन सिलिंडरचं मशीन थरथरतं, एकावरच चालतंय असं वाटतं. कसं ओळखू?

स्लोवर एकेका प्लगचा करंट तोडून बघा. टोपी चालत्या मशीनवर हाताने उपटू नका. सीडीआय (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ठिणगी देणाऱ्या) मशीनचा झटका हात बधिर करतो, आणि मोकळा सोडलेला करंट कॉइललाही मारक असतो. मशीन बंद करा, एका टोपीत जुना प्लग अडकवून तो लोखंडाला चांगला टेकवा, मग सुरू करा. आवाज पडला, मशीन बंद पडायला आलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला.

आता प्लग अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर दुसरीकडे गेला तर नवा प्लग. तोच नंबर घ्या. एनजीकेच्या प्लगवर शेवटी १० असेल तर त्याचा गॅप १ मिलिमीटर असतो. साधा आणि १० वाला मिसळून लावू नका. दोष जागेवरच राहिला तर करंट तपासा. गॅप टेस्टरवर पॉइंटवाल्या मॅग्नेटोची ठिणगी ६ मिलिमीटर उडी मारते का बघा, सीडीआयची ११ मिलिमीटर. ती निळी आणि कडकडीत हवी. पिवळी, लांबट, कधी आहे कधी नाही असली ठिणगी दाबाखाली विझते.

करंट ठीक, पेट्रोल ठीक, तरी सिलिंडर मेलेला, तर कॉम्प्रेशन मोजा. सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, रस्सी चार-पाच वेळा जोरात ओढा. बहुतेक जुन्या मशीनांत ९० ते १२० पीएसआय येतं. आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक बघा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही.

पॉइंट, कॉइल, फ्लायव्हील यांचा स्लोशी काय संबंध?

रस्सी ओढताना आणि स्लोवर फ्लायव्हील सावकाश फिरतं, तेव्हा कमजोर कॉइल आधी दिसते. पॉइंटवाल्या जुन्या मशीनांत गॅप बहुतेक ०.५ मिलिमीटर असतो. पॉइंट काळवंडले असतील तर पॉलिश पेपरने घासून, स्पिरिट लावलेल्या कोऱ्या कागदाने पुसा. बोटाचा तेलकट डागही पुरतो.

पंखा (प्रोपेलर) दगडाला आपटल्यानंतर स्लो बिघडला असेल तर फ्लायव्हीलची चावी, म्हणजे त्याला शाफ्टवर जागेवर धरणारा छोटा तुकडा, बघा. ती अर्धी कातरली जाते, फ्लायव्हील थोडं सरकतं आणि टायमिंग जातं. मशीन सुरू होतं, चालतंही, पण कुठल्याच स्क्रूला जुमानत नाही. गिरणा-पांझरेच्या उन्हाळी पात्रात हे नेहमीचं.

आणि बंद करायचं बटण. त्याची वायर ओलाव्याने मधूनच अर्थ मारते. ती वायर तात्पुरती सोडून मशीन चालवा. तक्रार गेली तर बटण बदला. वायर सुटी असताना बटण चालत नाही, म्हणून बंद करताना चोक ओढा.

काठावर ड्रममध्ये झकास चालतं, धरणात गिअर टाकला की बंद.

ड्रममध्ये लावलेला स्लो धरणात कधीच तसाच राहत नाही. ड्रममध्ये मशीन स्वतःचाच धूर गिळतं, पाण्याचा मागचा दाबही वेगळा. त्यामुळे ड्रम फक्त सुरू होतंय का, थंड पाणी येतंय का एवढ्यासाठी.

पण खरा गुन्हेगार बहुतेक वेळा पंख्याच्या मागे असतो. चांगदेवच्या संगमाजवळ, उकाईच्या पाण्यात, जिथे जाळी टाकलेली असतात तिथे नायलॉनचा धागा पंख्यात येतो, गुंडाळला जातो आणि उष्णतेने वितळून कड्यासारखा बसतो. बाहेरून दिसत नाही. पंखा काढा, कॉटर पिन आणि नट सोडून. शाफ्टवर हिरवा-निळा धाग्याचा गोळा निघाला तर तो कापून काढा आणि सील बघा, कारण धागा सील कापतो आणि गिअर ऑइलमध्ये पाणी जातं. खालचा स्क्रू सोडून चमचाभर ऑइल काढा. दुधाळ, चहासारखं दिसलं तर सील गेलंय.

पंखा स्वच्छ निघाला आणि तरी गिअरला बंद, तर कुणी जास्त पिचचा (पात्यांना जास्त तिरकस पीळ असलेला, म्हणून फिरवायला जड) पंखा लावलाय का ते बघा.

तासभर जाळं ओढत स्लोवर चालवलं, मग रेस दिली की गुदमरतं, धूर ओकतं, मग मोकळं होतं.

स्लोवर क्रँककेसच्या तळाशी पेट्रोल-तेलाचं डबकं साचतं. ते उचलून परत जाळायला बारीक नळ्या आणि चेंडूसारखे छोटे चेक व्हॉल्व दिलेले असतात. त्या तुंबल्या की डबकं वाढतं आणि पहिल्या रेसला सगळं एकदम आत जातं. नळ्या एकेक काढून एका दिशेने फुंक जाते आणि दुसऱ्या दिशेने जात नाही, एवढं बघा. नळ्या परत जिथल्या तिथेच लावा. उलटसुलट लावल्या की नवीनच आजार.

दुसरं कारण थर्मोस्टॅट, म्हणजे मशीन तापेपर्यंत थंड पाणी अडवणारा व्हॉल्व. हतनूरकडचं पाणी गाळाचं आहे. थर्मोस्टॅट गाळाने उघडा अडकला की मशीन गरमच होत नाही आणि थंड सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. काढा, दोरीला बांधून पातेल्यात सोडा, थर्मामीटर लावून पाणी तापवा. मॉडेलप्रमाणे ५० ते ६० अंशांच्या दरम्यान तो उघडायला हवा, गार झाल्यावर बंद व्हायला हवा. हातात आला तेव्हाच उघडा होता, तर पातेल्याचीही गरज नाही. गाळाच्या पाण्यात पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलरही (आतलं फिरणारं चाक) लवकर झिजतो, तोही तेव्हाच बघून घ्या.

मे महिन्यात दुपारी स्लो येतच नाही, सकाळी ठीक.

भुसावळ-जळगावकडे पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा उन्हातली काळी नळी आणि टाकी आपल्या चहाच्या भांड्यापेक्षा कमी नसते. नळीत वाफ धरते, पंपाला वाफ ओढता येत नाही. उलटही होतं: झाकणाचा स्क्रू बंद ठेवून टाकी उन्हात ठेवली की आत दाब वाढतो आणि तो पेट्रोलला फ्लोटच्या सुईवरून ढकलतो. मशीन भरून जातं, प्लग ओले होतात. थांबलात की नळी मशीनपासून काढा, टाकीवर ओलं पोतं टाका. दाब भरलेल्या टाकीचं झाकण हळू सोडा.

तोरणमाळच्या तलावासारख्या उंच जागी काही बदल लागतो का?

लागतो. साधारण साडेअकराशे मीटरवर हवा विरळ, म्हणून खाली बरोबर असलेलं मिक्श्चर वर रिच पडतं. स्क्रू थोडा लीनकडे. खाली आणल्यावर परत मूळ जागी आणायचं विसरलात तर मात्र पिस्टन धोक्यात.

तेल किती घालायचं? जास्त घातलं तर मशीन टिकतं म्हणतात.

बहुतेक मशीनांना ५० ला १: दहा लिटर पेट्रोलला २०० मिली. फार जुन्यांना २५ ला १ च्या आसपास. कव्हरवरची पट्टी किंवा मॅन्युअल बघा. जास्त तेलाने प्लग काळे पडतात. शिवाय तेलाने जागा घेतली की तेवढं पेट्रोल कमी, म्हणजे मिक्श्चर लीनच होतं. डब्यावर टीसी-डब्ल्यू ३ लिहिलेलं आउटबोर्डचं तेल घ्या. मोटरसायकलच्या टूटी ऑइलमध्ये राख होणारे घटक असतात, थंड चालणाऱ्या आउटबोर्डमध्ये ती राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते.

कोकणातून जुनं मशीन आणलंय. स्लो कधीच नीट नव्हता.

समुद्रावर चालवलेलं मशीन असेल तर आधी पाण्याच्या वाटा, थर्मोस्टॅट आणि वायरींच्या टोकांवरचं मीठ बघा. मग विचारा, ते केरोसिनवर चालायचं का? केरोसिनच्या मशीनचं कॉम्प्रेशन कमी ठेवलेलं असतं, जेट वेगळे असतात. यामाहाच्या केरोसिन मॉडेलांच्या नावात ‘ईके’ ही अक्षरं असतात. असं मशीन निव्वळ पेट्रोलवर चालवायचं तर कंपनीचे पेट्रोलचे जेट लागतात. मिक्श्चर स्क्रूने तो फरक भरून निघत नाही. कार्बन भरपूर साचलेला असेल, तो बहुतेक वेळा हेड काढूनच निघतो.

स्लो खाली येतच नाही, मशीन आपणहून रेस घेतं.

हे लगेच बंद करा, चोक ओढून नव्हे तर स्टॉप बटणाने. चोकने आणखी पेट्रोल मिळतं आणि अशा वेळी ते मशीनला उलट मानवू शकतं. कारण बहुतेक वेळा हवेची गळती: कार्बोरेटरचं गास्केट, रीड प्लेटचं (क्रँककेसच्या तोंडाशी असलेल्या एकदिशी पाकळ्यांच्या पट्टीचं) गास्केट, किंवा क्रँकचं वरचं सील. मशीन सुरू करून जोडावर घट्ट ग्रीस लावत जा. जिथे लावल्यावर आवाज बदलून स्लो खाली आला, तिथे भोक. फ्लायव्हीलजवळ हात नेऊ नका. वरच्या सीलसाठी फ्लायव्हील काढूनच बघावं लागतं, आणि त्याला पुलर लागतो, हातोडी नाही.

गळती नसेल तर थ्रॉटलची केबल आणि टायमिंगची सांगड बघा. थ्रॉटल पूर्ण बंद असताना पाकळी खरंच बंद व्हायला हवी, आणि रोलर कॅमवरच्या खुणेपाशीच टेकायला हवा. केबल ताणलेली असेल तर स्लो स्क्रू कितीही बाहेर काढा, काही होणार नाही.

कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोलचा फवारा मागे येतो.

रीड. पातळ पाकळ्यांपैकी एखादी तुटली, वाकली किंवा नीट टेकत नाही. तुटलेला तुकडा सापडेपर्यंत मशीन सुरू करू नका, तो क्रँकमध्ये असू शकतो.

मशीनच्या खालच्या भागाला दोन्ही बाजूंनी कानावरच्या झाकणांसारखी बसते ती पाण्याची जोडणी लावून घरी चालवलं तर?

न्यूट्रलमध्ये, स्लोवर, थोडा वेळ, पंखा काढून. मशीनला पाण्याच्या वाटा आत कुठून आहेत ते आधी बघा. सगळ्या मॉडेलांना ही जोडणी बसत नाही. कोरडं काही सेकंदही चालवू नका, इंपेलर तेवढ्यात जळतो. पाण्याची धार मागच्या छिद्रातून जोरात येतेय ना, याकडे एक डोळा ठेवा. आणि पत्र्याच्या शेडमध्ये दार लावून नाही: दोन स्ट्रोकच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही, डोकं दुखायला लागलं की उशीर झालेला असतो.